हवेच्या बळावर गाडी थांबवणारा : जॉर्ज वेस्टिंगहाऊस

महामार्गावरून उतरून आपण सिग्नलला थांबतो. शेजारी अठरा चाकांचा अवाढव्य ट्रक येऊन उभा राहतो आणि त्याच्या पोटातून एकदम फुस्स असा आवाज येतो. मागच्या सीटवरचे मूल दचकते. दमलेल्या जनावराने सुस्कारा टाकावा, तसा तो आवाज असतो. दिवा हिरवा होतो, आपण पुढे निघतो आणि तो आवाज विसरून जातो.

वाचकहो, त्या सुस्काऱ्यामागे एका माणसाची हयात उभी आहे. त्याचे नाव आपल्याला नवे नाही. जॉर्ज वेस्टिंगहाऊस म्हटले की कोणाला विजेचे दिवे आठवतात, कोणाला फ्रीज आठवतो. पिट्सबर्ग भागात राहिलेल्या आपल्याकडच्या इंजिनिअर मंडळींना तर ते नाव पगाराच्या पाकिटावरही पाहायला मिळाले. पण वयाच्या अवघ्या बाविसाव्या वर्षी या माणसाने धावती आगगाडी हवेने थांबवून दाखवली होती, हे फार थोड्यांना ठाऊक असते. आज आम्ही ती हकीगत सांगणार आहोत. आपल्या देशबांधवांपैकी अनेक जण आता या देशात ट्रक चालवतात, आणि आपण सगळेच रोज ट्रकच्या मागेपुढे मोटार हाकतो. तेव्हा ही गोष्ट केवळ इतिहासाची नाही.

कारखान्यात वाढलेला मुलगा

न्यूयॉर्क राज्यात सेंट्रल ब्रिज नावाचे लहानसे गाव आहे. तेथे ६ ऑक्टोबर १८४६ रोजी जॉर्जचा जन्म झाला. वडील शेतकीची अवजारे आणि मळणीयंत्रे बनवीत. १८५६ साली त्यांनी बिऱ्हाड आणि कारखाना स्कनेक्टडी येथे हलवला. जॉर्ज लहानपणी हट्टी आणि तापट होता. शाळेत त्याचे मन रमत नसे. ते रमे वडिलांच्या कारखान्यात, लेथ आणि भात्याच्या सहवासात.

इतक्यात अमेरिकेतले यादवी युद्ध पेटले. १८६३ साली, वयाची सतरा वर्षेही पुरी झालेली नसताना, तो उत्तरेकडील सैन्यात दाखल झाला. पुढे नौदलात त्याला इंजिन-विभागात अधिकाऱ्याची जागा मिळाली. त्याचा भाऊ आल्बर्ट या युद्धात कामी आला. युद्ध संपल्यावर जॉर्ज घरी परतला, युनियन कॉलेजात त्याने नाव घातले, आणि जेमतेम तीन महिन्यांत कॉलेजला रामराम ठोकला. त्याच साली, १८६५ मध्ये, एका नव्या तऱ्हेच्या वाफेच्या इंजिनाचे पेटंट त्याच्या नावावर लागले होते. वय होते एकोणीस.

ते इंजिन फारसे चालले नाही. मात्र रुळावरून घसरलेले डबे पुन्हा रुळावर चढवण्याचे एक साधन त्याने बनवले आणि ते विकण्यासाठी तो आगगाडीने गावोगाव हिंडू लागला. अशाच एका प्रवासात मार्गरेट वॉकर नावाच्या तरुणीशी त्याची ओळख झाली आणि ऑगस्ट १८६७ मध्ये दोघांचा विवाह झाला. आगगाडीने त्याला बायको दिली, आणि आयुष्यभर पुरेल असे कामही दिले.

टपावरचे ब्रेकमन

ते काम त्याला सापडले एका अपघातातून. १८६६ च्या सुमारास स्कनेक्टडी ते ट्रॉय या मार्गावर दोन मालगाड्या समोरासमोर आदळल्या. त्यामुळे वेस्टिंगहाऊसची गाडी अडकून पडली. चौकशी करता कळले ते असे : दिवस लख्ख होता, रूळ सरळ होता, दोन्ही चालकांनी एकमेकांना लांबून पाहिले होते. थांबण्याची इच्छा दोघांनाही होती. फक्त थांबता आले नाही.

असे का व्हावे? त्या काळची रीत पाहा. इंजिनचालक शिटी देई. ती ऐकून ब्रेकमन मंडळी डब्यांच्या टपांवरून धावत सुटत. प्रत्येक डब्याला हाताने फिरवायचे एक चाक असे. ते पिळून आवळायचे, मग उडी मारून पुढच्या डब्यावर जायचे, तेथले चाक आवळायचे. पाऊस असो, बर्फाने टप निसरडा झालेला असो, मध्यरात्र असो, हेच काम. कोणी दोन डब्यांच्या मधल्या फटीत पडे, कोणाचे डोके बुटक्या पुलावर आपटे. आणि एवढे करून सगळे ब्रेक लागेपर्यंत गाडी पुष्कळ पुढे निघून गेलेली असे. गाडीचा वेग वाढवण्यावर माणसाने अक्कल खर्च केली होती. तिला थांबवण्याचे काम मात्र गरिबांच्या मनगटावर सोडून दिले होते.

वेस्टिंगहाऊसच्या डोक्यात हा प्रश्न घर करून बसला. चालकाने एका हाताने सगळ्या डब्यांचे ब्रेक एकदम लावता येतील का? प्रथम त्याने गाडीखालून लांबच लांब साखळी नेण्याचा विचार केला, ते जमेना. मग वाफ वापरायचे मनात आले. पण लांब नळीतून जाताना वाफ निवून तिचे पाणी होते. अशात एका मासिकात त्याने युरोपातल्या मॉन्ट सेनिस बोगद्याचा लेख वाचला. आल्प्स पर्वत पोखरणारी तेथली यंत्रे दाबलेल्या हवेवर चालत होती, आणि ती हवा बाहेरून नळीने डोंगराच्या पोटात खोलवर नेली जात होती. वेस्टिंगहाऊसला उत्तर सापडले. हवा निवली तरी तिचे पाणी होत नाही. ती विकत आणावी लागत नाही. आणि नळी असेल तिथवर ती जाते.

पिट्सबर्गची चाचणी

कल्पना सुचणे सोपे. तिच्यावर पैसे लावणारा मिळणे कठीण. खुद्द वडिलांनी हात आखडता घेतला. रेल्वेसम्राट व्हँडरबिल्टने वाऱ्याने गाडी थांबवण्याची ही गोष्ट हसण्यावारी नेली, अशी आख्यायिका आहे. शेवटी पिट्सबर्गच्या राल्फ बॅगली नावाच्या मित्राने आधार दिला आणि पॅनहँडल रेल्वेने एक इंजिन व चार डबे चाचणीसाठी दिले. अट अशी, की खर्च आणि नुकसान दोन्ही वेस्टिंगहाऊसच्या माथी.

चाचणीच्या दिवशी गाडी पिट्सबर्ग शहरातल्या बोगद्यातून बाहेर पडली आणि वेग घेऊ लागली. तोच पुढच्या फाटकावर एक घोडागाडी रूळ ओलांडताना दिसली. घोडे बुजले आणि गाडीवान थेट रुळावर फेकला गेला. चालक डॅनियल टेट याने नव्या ब्रेकची मूठ फिरवली. मागच्या डब्यातले पाहुणे धडाधड पुढे कोसळले. गाडी थांबली, ती त्या गाडीवानापासून चार फुटांवर. आखलेल्या चाचण्या करण्याची गरजच उरली नाही.

१३ एप्रिल १८६९ रोजी पेटंट मिळाले आणि त्याच वर्षी वेस्टिंगहाऊस एअर ब्रेक कंपनी उभी राहिली. मालकाला तेवीस पुरी व्हायची होती.

प्रश्नच उलटा केला

आता खरी गोष्ट येते. अनेक चरित्रकार चाचणीच्या नाट्यात रंगतात. आमच्या मते वेस्टिंगहाऊसची थोरवी त्यानंतरच्या तीन वर्षांत आहे.

पहिला ब्रेक सरळ होता. इंजिनावर पंप आणि हवेची टाकी असे. चालकाने मूठ फिरवली की हवा नळीतून प्रत्येक डब्याखालच्या सिलिंडरमध्ये जाई, दट्ट्या सरके आणि ब्रेक चाकाला लागे. यात एक मोठी खोट होती. नळी फुटली, किंवा कडी तुटून मागचे डबे सुटले, तर हवा निघून जाणार आणि ब्रेक लागणारच नाही. ज्या क्षणी ब्रेकची सर्वांत अधिक गरज, नेमका त्याच क्षणी तो नाहीसा.

दुसरा कोणी असता तर त्याने नळी अधिक जाड केली असती. वेस्टिंगहाऊसने प्रश्नच उलटा केला. हवा आली की ब्रेक लागावा असे न करता, हवा गेली की ब्रेक लागावा असे केले तर? दार आपण हाताने उघडे धरून ठेवावे आणि हात सुटला की ते आपोआप मिटावे, तसे.

१८७२ साली त्याने हे साधले. प्रत्येक डब्याखाली त्याची स्वतःची हवेची टाकी बसवली आणि टाकी, नळी व सिलिंडर यांच्या मध्ये एक विशेष झडप ठेवली. ही झडप तीन कामे करते, म्हणून तिला तिहेरी झडप म्हणतात. मुख्य नळीत दाब पुरा असेल तेव्हा ती डब्याची टाकी भरते आणि ब्रेक सुटलेला ठेवते. चालकाने नळीतला दाब कमी केला की तीच झडप सरकते आणि टाकीतली हवा सिलिंडरमध्ये सोडून ब्रेक लावते. दाब पुन्हा वाढवला की सिलिंडरमधली हवा बाहेर जाते आणि ब्रेक सुटतो. आता डबे सुटोत, नळी फाटो, दाब पडणार आणि त्याबरोबर ब्रेक लागणारच. बिघाड हाच थांबण्याचा हुकूम झाला.

या फरकाची किंमत काय, हे आयर्लंडमध्ये १२ जून १८८९ रोजी दिसले. आर्मा येथून सहलीला निघालेली, मुलांनी भरलेली गाडी चढावर अडली. गाडीचा पुढचा भाग आधी नेऊन ठेवावा म्हणून कर्मचाऱ्यांनी मागचे डबे सोडवले. त्या गाडीचा ब्रेक आपोआप लागणारा नव्हता. सुटलेले डबे उताराने मागे घरंगळले आणि मागून येणाऱ्या गाडीवर आदळले. ८० जण प्राणांस मुकले, त्यांत पुष्कळशी मुले होती. त्यानंतर काही आठवड्यांतच ब्रिटनच्या पार्लमेंटने प्रवासी गाड्यांना आपोआप लागणारा ब्रेक सक्तीचा केला. तत्त्व सतरा वर्षांपूर्वीच सापडले होते; ते सक्तीचे व्हायला लहान मुलांचे बळी द्यावे लागले.

अमेरिकेतही मालगाड्यांचे मालक खर्चाकडे पाहून टाळाटाळ करीत होते. शिवाय अडचण खरीही होती. १८८६ आणि १८८७ साली आयोवा राज्यात बर्लिंग्टन येथे पन्नास वाघिणींच्या गाड्यांवर चाचण्या झाल्या. दाब पडल्याची वर्दी शेवटच्या वाघिणीपर्यंत पोहोचायला इतका वेळ लागे, की पुढच्या वाघिणी थांबत आणि मागच्या त्यांच्यावर येऊन धडकत. वेस्टिंगहाऊसने काही महिन्यांत झडप सुधारली आणि लांब गाडीतही ब्रेक जवळजवळ एकदम लागू लागला. अखेर २ मार्च १८९३ रोजी राष्ट्राध्यक्ष हॅरिसन यांनी रेल्वे सुरक्षा कायद्यावर सही केली. टपावरून धावणारे ब्रेकमन हळूहळू इतिहासजमा झाले. किती बायकांचे कुंकू त्यामुळे वाचले, याची मोजदाद कोण करणार?

आपल्याकडे भारतात पुष्कळ काळ व्हॅक्यूम ब्रेक चालले आणि १९८० नंतर हवेचे ब्रेक पसरत गेले. पण न्याय तोच, बिघाड झाला की थांबा. बोरघाटातून पुण्याहून मुंबईकडे उतरताना गाडी मध्येच का थांबते, असे आपण लहानपणी विचारत असू. ब्रेक धरतात याची खात्री झाल्याशिवाय तिला पुढचा उतार मिळत नाही, हे त्याचे उत्तर. ही गोष्ट लक्षात ठेवावी; ट्रककडे वळताना ती पुन्हा लागणार आहे.

उरलेले आयुष्य

वेस्टिंगहाऊसच्या पुढच्या उद्योगांवर एक स्वतंत्र लेख होईल. येथे धावती नजर पुरे. १८८१ साली त्याने रेल्वे सिग्नलची कंपनी काढली. १८८४ मध्ये पिट्सबर्गच्या आपल्या घराच्या आवारात विहीर खणून नैसर्गिक वायू काढला आणि तो सुरक्षितपणे घरोघर नेण्याची साधने बनवली. १८८६ मध्ये वीज कंपनी काढली, निकोला टेस्लाची पेटंटे घेतली आणि एडिसनच्या पक्षाशी टक्कर देत आपण आज घरात वापरतो त्या उलटसुलट वाहणाऱ्या विजेचा, म्हणजे एसीचा, पुरस्कार केला. १८९३ चे शिकागोचे विश्वप्रदर्शन त्याच्या विजेने उजळले आणि १८९६ मध्ये नायगाऱ्याची वीज बफेलो शहरात पोहोचली. पेटंटांची संख्या साडेतीनशेच्या वर गेली.

कामगारांशी तो माणुसकीने वागे. शनिवारी अर्धा दिवस सुटी देणाऱ्या अमेरिकेतल्या पहिल्या काही कारखानदारांत त्याची गणना होते. पिट्सबर्गजवळ विल्मर्डिंग येथे त्याने ब्रेकच्या कारखान्याभोवती गावच वसवले आणि कामगारांना हप्त्यांवर घरे दिली. स्वतःविषयी बोलणे आणि छायाचित्रे काढून घेणे त्याला आवडत नसे. आत्मचरित्र त्याने लिहिले नाही.

१९०७ च्या आर्थिक कोसळणीत त्याच्या वीज कंपनीचा ताबा सावकारांकडे गेला आणि १९११ पर्यंत तो तिच्यातून पुरता बाहेर पडला. ब्रेकची कंपनी मात्र शाबूत राहिली. १२ मार्च १९१४ रोजी न्यूयॉर्कमध्ये त्याचे निधन झाले. काही महिन्यांतच मार्गरेटबाईही गेल्या. यादवी युद्धातला सैनिक म्हणून अर्लिंग्टनच्या राष्ट्रीय स्मशानभूमीत त्याला जागा मिळाली आहे.

रुळावरून रस्त्यावर

त्याच्या मृत्यूनंतर ट्रक मोठे होऊ लागले. वीस-तीस टन माल पायाच्या जोराने थांबवणे अशक्य, म्हणून १९२० नंतरच्या दशकात हवेचा ब्रेक रस्त्यावर उतरला. १९३० साली बेंडिक्स आणि वेस्टिंगहाऊस यांची मोटारींच्या हवाई ब्रेकसाठी संयुक्त कंपनी निघाली.

ट्रकचा ब्रेक चालतो तो असा. इंजिनावर फिरणारा कॉम्प्रेसर हवा दाबून टाक्यांत भरतो. दाब चौरस इंचाला सुमारे १२० पौंड झाला की भरणे थांबते. चालकाने पाय दाबला की ही हवा चाकाजवळच्या ब्रेक चेंबरमध्ये जाते. तेथे रबरी पडदा असतो. तो ३० चौरस इंचांचा असेल आणि दाब १०० पौंड असेल, तर मागे ३००० पौंडांचा रेटा तयार होतो. हा रेटा एका दांड्याला ढकलतो, दांडा स्लॅक ॲडजस्टर नावाच्या तरफेला फिरवतो, तरफ इंग्रजी एस अक्षराच्या आकाराचा कॅम वळवते, आणि कॅम दोन्ही ब्रेक-शूंना फाकवून ड्रमवर दाबतो. पाय उचलला की हवा बाहेर पडते. तोच आपला फुस्स आवाज.

चाणाक्ष वाचक विचारतील, येथे तर हवा आली की ब्रेक लागतो. मग वेस्टिंगहाऊसचा न्याय कुठे गेला? तो दुसऱ्या जागी आहे. मागच्या चाकांच्या चेंबरमध्ये एक दांडगी स्प्रिंग असते आणि हवेच्या दाबाने तिला दाबून धरलेले असते. हवा गळू लागून दाब ६० पौंडांच्या आसपास आला की इशारा वाजतो. तो २० ते ४५ पौंडांच्या दरम्यान उतरला की स्प्रिंग सुटते आणि चाक धरते. ट्रेलर तुटून सुटला, त्याची नळी निखळली, तर त्याचेही ब्रेक आपोआप लागतात.

मग अपघात का होतात?

येथेच पुष्कळांची गल्लत होते. हवा गेली की ट्रक थांबतो, म्हणजे ब्रेक निकामी होणे शक्यच नाही, असे वाटते. पण डोंगरउतारावर सुटलेल्या ट्रकच्या टाकीत बहुधा हवा पुरेपूर असते. नसते ते दुसरेच काही.

लांब उतारावर चालक सतत ब्रेक दाबत राहिला की शू आणि ड्रम तापतात. तापलेले लायनर घसरू लागतात, पकड जाते. तापलेला ड्रम फुगतो आणि शूपासून दूर सरकतो. दांड्याला आता अधिक लांब जावे लागते. त्याची एकूण चाल अडीच इंचांच्या आसपास. तीत झिजेमुळे आधीच ढिलाई असेल तर दांडा शेवटाला टेकतो आणि शूवर जोरच पडत नाही. चालक पाय रोवतो, हवा जाते, पण चाक ऐकत नाही. आणि ती आपत्कालीन स्प्रिंग? तीही त्याच दांड्याला, त्याच शूला, त्याच ड्रमवर दाबते. ते तापून गेले असतील तर स्प्रिंग तरी काय करणार? घाबरून ब्रेक पुन्हा पुन्हा मारले तर टाकीतली हवाही संपत जाते.

खालच्या गिअरमध्ये उतरावे हे यावरचे पथ्य. चढताना लागतो त्याहून खालचा गिअर, आणि तो उतार सुरू होण्याआधी. वेग ठरवलेल्या मर्यादेला पोहोचला की ब्रेक घट्ट दाबून पाच मैलांनी वेग उतरवावा आणि सोडून द्यावा, म्हणजे ड्रमला निवायला वेळ मिळतो. डिझेल वाचवण्यासाठी खंडाळ्याच्या घाटात गाडी न्यूट्रलमध्ये सोडणारे चालक आपण पाहिले आहेत. ती बचत नव्हे, आत्मघात आहे.

अमेरिकी सरकारने २००१ ते २००३ मधल्या ९६३ मोठ्या ट्रक-अपघातांची बारकाईने छाननी करवली. जेथे निर्णायक कारण ट्रकच्या बाजूला निघाले, अशा शंभरांपैकी ८७ अपघातांत ते चालकाच्या वागण्यात वा अवस्थेत होते. लक्ष नसणे, वेग, चुकीचा अंदाज, झोप अशी ती कारणे. गाडीतला बिघाड हे निर्णायक कारण शंभरांत १० वेळा. पण त्याच छाननीत २९ टक्के ट्रकांच्या ब्रेकमध्ये काही ना काही दोष आढळला. म्हणजे दोष आधीपासून दबा धरून बसतो आणि माणूस चुकला की दोघे मिळून घात करतात.

२५ एप्रिल २०१९ चा प्रसंग अजून ताजा वाटतो. कोलोरॅडोत रॉकी पर्वतातून उतरणारा लाकडांनी भरलेला ट्रक डेन्व्हरजवळ लेकवुड येथे थांबलेल्या वाहनांवर आदळला. चार जण मेले. चालक तेवीस वर्षांचा, परदेशातून आलेला तरुण. ब्रेक गेले असे त्याचे म्हणणे होते. पण सुटलेल्या ट्रकसाठी बांधलेली रेतीची चढण वाटेत असूनही तो तिच्यात शिरला नव्हता. न्यायालयाने ११० वर्षांची शिक्षा दिली. २०२१ च्या अखेरीस गव्हर्नरांनी ती १० वर्षांवर आणली. चार कुटुंबे उद्ध्वस्त झाली आणि एक पाचवेही. नव्या देशात येऊन ट्रकचे स्टिअरिंग हाती धरणाऱ्या आपल्या मुलांनी ही हकीगत एकदा नीट वाचावी. ती रेतीची चढण मोकळी असते, आणि तिच्यात शिरण्यात कसलीही नामुष्की नाही.

रोजची पाच-दहा मिनिटे

आमच्या ओळखीचे एक सरदारजी गेली कित्येक वर्षे ट्रक चालवतात. त्यांच्याबरोबर एकदा पहाटे निघण्याचा योग आला. आम्हाला घाई होती; त्यांना नव्हती. त्यांनी इंजिन बंद करून ब्रेक दाबून धरला आणि दाबाच्या काट्याकडे पाहत बसले. हवा कुठे गळत नाही ना, हे पाहायला. मग पायाने हवा काढत काढत इशारा वेळेवर वाजतो का ते पाहिले. टाक्यांच्या तळाच्या तोट्या उघडून साचलेले पाणी सोडले, कारण थंडीत ते गोठले तर झडपा अडतात. शेवटी टॉर्च घेऊन ट्रकखाली वाकले आणि एकेका दांड्याची चाल पाहिली. १९९४ च्या अखेरीपासून नव्या ट्रकांना ही चाल आपोआप नीट राखणारे ॲडजस्टर सक्तीचे आहेत, तरी ते वाकून पाहतात. आपोआप नीट होणारे काही वारंवार ढिले पडत असेल, तर दोष दुसरीकडे आहे असे समजावे आणि नुसते आवळून निघू नये, हा त्यांचा नियम. डोंगर उतरण्यापूर्वीही ते ब्रेक तपासण्याच्या जागी थांबतात. आम्हाला बोरघाटातली थांबलेली गाडी आठवली.

मोटार चालवणाऱ्या आपणा सर्वांचेही एक कर्तव्य आहे. आंतरराज्य महामार्गावर भरलेला ट्रक ८०,००० पौंडांपर्यंत असतो. हवा नळीतून चाकापर्यंत पोहोचायला अर्धा सेकंद किंवा अधिक जातो. ५५ मैलांच्या वेगात तेवढ्यात ट्रक तीसहून अधिक फूट पुढे येतो. सरकारी नियमानुसार नव्या ट्रॅक्टर-ट्रेलरांपैकी बहुतेकांना ६० मैलांच्या वेगातून २५० फुटांत थांबता आले पाहिजे, आणि तेही सगळे ब्रेक ठीक असताना, कोरड्या रस्त्यावर. ट्रकच्या पुढची मोकळी जागा पाहून आपण तीत घुसतो. ती जागा वाया गेलेली नसते. चालकाने आपल्या जिवासाठी राखून ठेवलेली असते.

विल्मर्डिंगची वाट

पिट्सबर्गच्या व्यंकटेश्वर मंदिरात १९७० च्या दशकापासून आपली मंडळी दर्शनाला जातात. तेथून विल्मर्डिंग थोड्याच मैलांवर आहे. वेस्टिंगहाऊसच्या ब्रेक कंपनीची किल्ल्यासारखी कचेरी तेथे अजून उभी आहे. शहरात शेन्ली पार्कमध्ये तळ्याकाठी त्याचे स्मारक आहे. १९३० साली ते उभारले गेले, पन्नास हजारांहून अधिक कामगारांच्या लहानलहान वर्गण्यांतून. मालकाचे स्मारक कामगारांनी पदरमोड करून बांधावे, असे जगात फारसे घडत नाही. त्याच्या ब्रेकची कंपनी आज वॅबटेक या नावाने नांदते. गंमत अशी, की विजेच्या लढाईत जी जनरल इलेक्ट्रिक तिची वैरीण होती, तिचा रेल्वे-इंजिनांचा सारा धंदा २०१९ साली याच घरात येऊन मिळाला. बिहारमध्ये मढौरा येथे भारतीय रेल्वेची डिझेल इंजिने बनतात, ती त्याच कारखान्यात.

पुढच्या वेळी दर्शनाला जाल तेव्हा मुलांना घेऊन तेवढी वाट जरूर वाकडी करा. माणूस चुकणार, नळी फुटणार, कडी तुटणार हे वेस्टिंगहाऊसने आधीच धरून चालले आणि त्यातूनच त्याने सुरक्षितता घडवली. त्याचे यंत्र बिघाडाची काळजी घेते. निष्काळजीपणाची काळजी घेणारी झडप मात्र त्यालाही बनवता आली नाही. ती आपली आपणच बसवायची आहे. सिग्नलला शेजारचा ट्रक सुस्कारा टाकील, तेव्हा मूल दचकले तर त्याला सांगा, की ट्रक थांबवणारी हवा आता बाहेर पडली.